दोन बोटं कमी

गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मिसबाची स्कूटर फाटकाशी थांबल्याचा आवाज आला, की दीपमालेनं सासूच्या गुडघ्याखालची उशी काढायची, कपाटात टाकायची आणि चादर ओढून सारखी करायची, असा सहा आठवड्यांत नेमच पडून गेला होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मुक्ताबाईंनी डोळ्यांनी फक्त कपाटाकडं खूण केली होती, आणि एकतीस वर्षं त्या घरात काढलेल्या सुनेला तेवढं पुरलं होतं.

त्या गुरुवारीही तसंच झालं. मिसबा आत आली, दाराशी चप्पल काढली, हात धुतले आणि पलंगाच्या कडेला बसली.

"काय आजी, कसं आहे?"

"मी बरी हाय. गुडघ्याचं त्यालाच इचार. नवा बसवल्यापास्नं माज्याशी तर तो बोलत न्हाई."

मिसबा हसली नाही. एरवी हसायची. तिनं पिशवीतून दोन पात्यांचं ते प्लास्टिकचं माप काढलं, उजव्या गुडघ्याला लावलं आणि म्हणाली, "वाकवा."

मुक्ताबाईंनी वाकवला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. फक्त पलंगाच्या कठड्यावरचा हात पांढरा पडला. हिंदुराव आणि आनंदी, दोघांच्या जन्माच्या वेळी त्यांनी सुईणीला आवाज ऐकू दिला नव्हता. या कालच्या पोरीला ऐकवणार होत्या होय?

"अठ्ठ्याहत्तर," मिसबा म्हणाली. "सोमवारीही अठ्ठ्याहत्तरच होतं."

"मंग घसरलं तर न्हाई."

"आता सरळ करा."

पाय लांब झाला, पण गुडघा खाली टेकेना. त्याच्या आणि गादीच्या मधून मांजराचं पिल्लू आरपार गेलं असतं. किती अंतर आहे ते बघायला मिसबा वाकली आणि तशीच थांबली. मग तिनं हलक्या हातानं पाय बाहेरच्या अंगाला वळवला. गुडघ्यामागच्या मऊ कातडीवर बारीक बारीक रेघा उठल्या होत्या. रांगेत, सारख्या अंतरावर.

"आजी, हे काय?"

"कुटं काय?"

"टाके."

"आप्रेशनचं असत्याल."

"ऑपरेशनचे टाके पुढे असतात, आणि ते महिन्यापूर्वीच काढलेत. हे मागे आहेत. हा धावदोरा आहे, हातशिलाईचा." मिसबानं मान वर केली. "उशी कुठे आहे?"

बर्फाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या दीपमालेला खिडकीबाहेर अचानक बघण्यासारखं पुष्कळ दिसू लागलं. बाहेर समोरच्या सोसायटीचा अकरावा मजला होता आणि त्यावर वाळत घातलेली कुणाची तरी पँट.

"मी काय विचारते, दीपाताई?"

"कपाटात," दीपमाला बोलून गेली. सासूनं तिच्याकडं असं बघितलं की पिशवीतला बर्फ वितळायचा थांबावा.

उशी दुकानातली नव्हती. मुक्ताबाई दवाखान्यातून घरी आल्या त्या आठवड्यात आनंदीनं ती कर्वेनगरला बसून शिवली होती. वडिलांच्या, सोनबांच्या, धोतराची खोळ आणि त्यावर त्यांच्या फिकट केशरी फेट्याची पट्टी. सोनबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी फेट्याला अजून पेटीतल्या कडुनिंबाचा वास होता. मिसबानं उशी उलटसुलट करून बघितली. ती कसली आहे हे तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिनं ती टाकली नाही. दोन्ही हातांनी खुर्चीवर ठेवली.

"आजी, पहिल्या दिवशी सांगितलं होतं, गुडघ्याखाली काहीही ठेवायचं नाही. त्यानं बरं वाटतं, हे मला माहीत आहे. पण गुडघा अर्धवट वाकलेला राहतो आणि तसाच आखडतो. ना पुरता सरळ होत, ना पुरता वाकत. मी आठवड्यातून तीनदा येते, तासभर. उरलेला आठवडा ही उशी असते. कोण जिंकणार?"

मुक्ताबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मते न बोलणं म्हणजेच कबुली, आणि ही कबुली त्यांनी आयुष्यात फार थोड्या लोकांना दिली होती.

"डॉक्टरसर काय म्हणालेत, लक्षात आहे ना? पंधरा दिवसांत नव्वदपर्यंत आला नाही, तर भूल देऊन वाकवायचा."

"म्हंजी मी झोपलेली असताना माजा पाय दुसऱ्यानं मोडायचा."

"मोडायचा नाही, वाकवायचा."

"माज्या जागेपणी जे हुत न्हाई, ते मी झोपल्यावर कुणी करायचं न्हाई. सांग तुज्या सरास्नी." मग थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात, "नव्वद म्हंजी किती गं नेमकं?"

मिसबानं कोपऱ्याकडं बोट केलं. "ती भिंत आणि ही फरशी जिथे मिळतात ना, तेवढं."

"म्हंजी गुण्या."

"काय?"

"तुज्या आज्याचं हत्यार, आन् तुलाच ठावं न्हाई?"

मिसबाचे आजोबा दादामियाँ गवंडी होते आणि हे घर त्यांनीच बांधलं होतं. सोनबा दिवसभर उसात असायचे; बांधकामावर उभ्या राहायच्या त्या मुक्ताबाई. दादामियाँनी सहा इंची पायऱ्या सांगितल्या होत्या. मुक्ताबाईंनी जागा वाचवायला आठ इंची करून घेतल्या, चौदा, आणि त्या चौदा पायऱ्यांच्या वर आपली खोली. गेले सहा आठवडे त्या खालच्या खोलीतून जिन्याकडं बघत दादामियाँची मनातल्या मनात माफी मागत होत्या. तोंडानं मागायची सवय नव्हती, आणि दादामियाँही आता नव्हते. पण वास्तुशांतीच्या दिवशी ते आपला लोखंडी गुण्या, कोन तपासायचं काटकोनी हत्यार, कोठीघरात विसरून गेले होते. तो अजून तिथंच खिळ्याला होता.

"आजोबा म्हणायचे," मिसबा आता मात्र हसली, "अख्ख्या हडपसरात मी एकाच बाईला घाबरलो."

"शाना माणूस हुता. दीपमाला, गुण्या काढ."

*

मिसबा गेल्यावर दीपमालेनं दुसरी बातमी सांगितली. रविवारी चार वाजता बैठक होती. आनंदीताई आणि जावई येणार होते. हिंदुरावांनी ती सकाळी फोनवर ठरवली होती, अंगणात जाऊन, हळू आवाजात.

"कशाची बैठक?"

"तुमचीच, आत्याबाई. तुम्हाला सहा महिने कर्वेनगरला न्यायचं चाललंय. तिथं लिफ्ट आहे, मालीशवाली आहे."

"आन् सहा महिन्यांनी?"

दीपमालेनं उत्तर दिलं नाही. वरची खोली पृथ्वीराजला घरून काम करायला हवी होती. त्यानं ती दोनदा मोजली होती, हे तिला ठाऊक होतं. पोटच्या पोराविरुद्ध ती बोलणार नव्हती. पण उत्तर न देऊन तिनं जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं होतं.

मुक्ताबाईंना जाण्याची भीती नव्हती. लेकीच्या घरी पंधरा दिवस त्या आनंदानं राहिल्या असत्या. भीती दुसरीच होती, आणि ती त्यांना आत्ता, हातात लोखंडी गुण्या धरलेला असताना कळली.

या घरात बैठक घोंगडीवर व्हायची. सासऱ्यांच्या वेळी शेतात व्हायची, मग या हॉलमध्ये फरशीवर. घोंगडी तीच, काळी, जाड, चारी बाजूंनी बसलं तर दहा माणसं मावतील अशी. घोंगडीवर बसेल त्याचा शब्द. खुर्चीवर बसलेला माणूस पाहुणा. हा कायदा सासऱ्यांचा, पण पाळायला लावला तो मुक्ताबाईंनी, आणि असा की तोंडचं पाणी पळावं. वीस वर्षांपूर्वी परसातली विहीर बुजवायची की नाही यावर बैठक होती. जावई श्रीधर यांची तेव्हा कंबर धरली होती, म्हणून ते दाराजवळ खुर्ची घेऊन बसले होते. तिथून ते म्हणाले, "मला वाटतं, विहीर बुजवू नये." आणि मुक्ताबाई म्हणाल्या, "जावईबापू, खुर्चीवरच्या माणसाला चहा मिळतो. मत घोंगडीवरच्याला." सगळे पोट धरून हसले होते. श्रीधरही हसले होते. त्यानंतर ते या घरात येत राहिले, त्याच खुर्चीवर बसत राहिले, चहाला छान म्हणत राहिले. बाकी एक शब्द नाही. विहीर बुजवली. आता दर मार्चपासून फाटकात टँकर उभा असायचा.

आणि डॉक्टर काय म्हणाले होते? मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर बसणं आता विसरा. त्या वेळी मुक्ताबाईंना वाटलं होतं, म्हणजे मेथी निवडायला टेबल लागेल. एवढंच.

"तर अशी गंमत हाय," त्या गुण्याकडं बघत म्हणाल्या. "हिंदुरावानं बराबर धरलं मला. माज्याच कायद्यात."

"त्यांच्या मनात तसं नसेल, आत्याबाई."

"त्याच्या मनात नसंल. पण घोंगडी तोच अंथरील."

दीपमाला गुडघ्याशी बसली. खुर्चीवर बसलेल्या सासूच्या टाचेखाली तिनं टॉवेलची घडी ठेवली. मिसबानं शिकवल्याप्रमाणं टाच फरशीवरून मागं ओढायची होती, खुर्चीखाली. मुक्ताबाईंनी ओढली. दीपमालेनं गुण्याचा एक हात मांडीलगत धरला, दुसरा नडगीलगत. नडगी गुण्याला भिडली नाही. मधल्या फटीत दीपमालेची चार बोटं गेली.

"चार," ती म्हणाली.

"दिसतंय मला. पुन्ना."

पाचव्या वेळेला मुक्ताबाईंच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत शिरला. दीपमालेनं पदरानं टिपला आणि तशीच, मान खाली घालून म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. उशीचं. मिसबा सांगत होती तेव्हा मीच तर ऐकत होते."

"मंग बोलली का न्हाईस?"

"नणंदबाईंनी मामंजींच्या धोतराची उशी करून आणली, ती सुनेनं काढून घ्यायची? तुम्ही मला घराबाहेर काढलं असतं."

मुक्ताबाईंनी खरंच विचार केला. "काढलं असतं," त्या म्हणाल्या. "पुन्ना धर गुण्या."

*

रविवारी चार वाजता हिंदुरावांनी स्वतः घोंगडी झटकली आणि हॉलच्या मधोमध अंथरली. वय पंचावन्न, कपाळ बापाचं, घाई आईची. मुक्ताबाई भिंतीशी हातवाल्या खुर्चीवर बसून ते बघत होत्या. काठी मांडीवर आडवी होती, गुण्या पदराखाली.

गेल्या दिवाळीपासून हिंदुराव आणि आनंदी एकमेकांशी फोनवरसुद्धा तुटक बोलत होते. भाऊबीजेला कोण आधी येणार यावरून बिनसलं होतं. आज दोघं घोंगडीवर मांडीला मांडी लावून बसले. आईच्या आजारपणानं जोडलेली भावंडं, लोकांना किती बरं वाटलं असतं. मुक्ताबाईंना नाही वाटलं. पृथ्वीराज समोर बसला, मोबाईल उताणा ठेवून. दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. घोंगडीवर बस असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं. आणि श्रीधर, पांढरा शर्ट, बँकेतून निवृत्त झाल्यावरही खिशाला पेन, दाराजवळच्या आपल्या खुर्चीवर चहाचा कप घेऊन बसले.

"चहा छान झालाय," ते म्हणाले.

"आई, तुझी उशी कुठंय?" आनंदीनं पहिल्यांदा तेच विचारलं.

"उशी काढली."

"कुणी?"

"मी."

"त्या पोरीनं सांगितलं असेल." आनंदीचा आवाज चढला. "दादा, मी म्हटलं नव्हतं? नुसती दुखवते ती. सहा आठवडे झाले, आईच्या तोंडावरचं तेज गेलं. आमच्या बिल्डिंगमधल्या देशपांडेकाकूंचा गुडघा बघा, महिन्यात बागेत फिरायला लागल्या."

"त्यांच्या लेकीनं उशी शिवली नसंल," मुक्ताबाई म्हणाल्या.

आनंदीला ते नीट कळलं नाही, पण लागलं. तिनं भावाकडं बघितलं. हिंदुरावांनी घसा साफ केला.

"हे बघ आई, तुझ्या भल्याचंच बोलतोय. इथं जिना आहे, फरशी निसरडी आहे. दीपमाला एकटी किती करणार? सहा महिने आनंदीकडं राहा. पाय सुटला की ये. तोवर वरची खोली पृथ्वी वापरेल, पडून राहण्यापेक्षा."

"आज्जी, तुझं सामान हलवणार नाही मी," पृथ्वीराज घाईनं म्हणाला. "जस्ट एक टेबल आणि वायफाय. टेम्पररी."

"टेम्पररी," मुक्ताबाईंनी शब्द तोंडात घोळवून बघितला. "दीपमाला एकटी किती करनार, हे दीपमालेला इचारलं का कुणी?"

"तिचं काय विचारायचं?" हिंदुराव म्हणाले.

"आन् मला?"

"तुलाच तर सांगतोय."

"सांगतोयस. इचारत न्हाईस. मी सांगते, मी कुटं जानार न्हाई. झालं?"

हिंदुरावांनी खाली बघितलं. घोंगडीची एक दशी बोटाला गुंडाळली, सोडली. "आई, बैठक आहे," ते हळू म्हणाले. "बैठकीत बोलायचं तर..." आणि पुढं बोलले नाहीत.

बोलायची गरजही नव्हती. सगळ्यांचे डोळे एकदा घोंगडीवर गेले आणि एकदा खुर्चीच्या चार पायांवर. दाराजवळ श्रीधरांचा कप बशीवर किणकिणला. त्यांनी तो घाईनं दोन्ही हातांनी धरला, जणू आवाज त्यांचाच गुन्हा होता.

मुक्ताबाईंना वाटलं होतं, हा क्षण आला की आपल्याला राग येईल. तयारी रागाचीच केली होती. तीन दिवस धार लावून ठेवलेली दोन-तीन वाक्यं होती. पण त्यांनी दाराकडं बघितलं आणि त्या खुर्चीवरून हा हॉल कसा दिसतो ते त्यांना पहिल्यांदा दिसलं. सगळ्यांची डोकी दिसतात. तोंड एकाचंही आपल्याकडं नसतं. हा माणूस वीस वर्षं हेच बघत चहा पीत होता.

"जावईबापू," त्या म्हणाल्या.

श्रीधर दचकले. "हो, आई?"

"तुमची कंबर तवा खरंच दुखत हुती?"

"तेव्हा... हो. मणका सरकला होता."

"मला ठावं हुतं." मुक्ताबाई काठीवर दोन्ही हात ठेवून थोड्या पुढं झाल्या. "ठावं असून मी बोलले. समद्यांम्होरं. आन् इहिरीचं तुमचंच बराबर हुतं. टँकर आला की रोज मला तुमची आठवन यायची, पर म्हनले न्हाई कधी."

आनंदीनं नवऱ्याकडं असं बघितलं जणू त्याला बोलता येतं हे तिला आज कळलं होतं. श्रीधरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दीपमाला," मुक्ताबाईंनी हाक मारली, "घोंगडी उचल."

"आई, अगं आम्ही बसलोय," आनंदी म्हणाली.

"मंग उठा. दीपमाला, उचल म्हनते ना. आन् दिवाणावर अंथर."

दीपमालेनं पदर खोचला. सासऱ्याच्या सासऱ्याची वाटावी इतकी जुनी ती घोंगडी तिनं एका कोपऱ्याला धरली आणि ओढली. पहिल्यांदा पृथ्वीराज उठला, मग आनंदी, आणि शेवटी हिंदुराव, कारण न उठून करणार काय. घोंगडी दोन घड्या घालून खिडकीखालच्या लांबलचक दिवाणावर पडली. मुक्ताबाई काठी टेकत उठल्या. हिंदुरावांनी हात पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. सात पावलं. सातवं जरा वाकडं पडलं. मग त्या दिवाणावर, घोंगडीवर, मधोमध टेकल्या आणि दोन्ही पाय खाली सोडले.

"सासऱ्यांनी सांगितलेलं, घोंगडीवर बसंल त्याचा शबुद," त्या म्हणाल्या. "घोंगडी भुईवरच पायजे असं न्हवतं सांगितलं. ते मी लावलं. तवा गुडघं माजं हुतं." त्यांनी उजव्या बाजूला थाप मारली. "जावईबापू, हितं या. दीपमाला, तू ह्या बाजूला."

"मी?" दीपमाला म्हणाली.

"मंग कोन, समोरच्या बिल्डिंगमधली? बस."

दीपमाला बसली, कडेला, अर्ध्या मांडीवर. श्रीधर कप हातात घेऊनच आले. हिंदुराव, आनंदी आणि पृथ्वीराज उघड्या फरशीवर उभे होते.

"आता बोला, जावईबापू. मला न्यायचं का न्हाई? तुमचं घर हाय, तुमी बोला."

श्रीधरांनी कप कुठं ठेवावा ते बघितलं. जागा दिसली नाही, तेव्हा तो हातातच राहिला. "आई, आमच्याकडे लिफ्ट आहे, हे खरं आहे," ते सावकाश म्हणाले. "पण लिफ्टनं गुडघा वाकत नाही."

"अहो," आनंदी म्हणाली.

"नाही, बोलू दे मला. आनंदी, तू आईंना नेशील. रोज त्या व्यायामाला बसतील, त्यांना दुखेल, तुला बघवणार नाही. मग तू म्हणशील, आज राहू द्या. तू माझ्या कंबरेचं तसंच केलं होतंस. मी चार महिने पडून राहिलो. पंधरा दिवसांत उठायला हवं होतं." ते थांबले. "त्यांना दुखवणारं माणूस लागतंय, आणि ते इथं आहे. आमच्याकडं सगळी माया करणारीच आहेत."

आनंदीचे डोळे भरले. "म्हणजे माझ्या मायेनं पाय आखडला?"

तिनं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं, शेवटी दीपमालेकडं. दीपमालेनं नजर खाली वळवली, आणि आनंदीला कळलं.

"वहिनी, तू मला सांगितलं का नाहीस?"

"तिला का इचारतीस," मुक्ताबाई म्हणाल्या. "उशी काढून ठेवायची खूण मी करत हुते. मला त्यावर झोप लागायची. तुज्या बाचा वास हाय तिला." हे शेवटचं त्या कुणाकडंही न बघता बोलल्या, आणि लगेच आवाज पूर्वीसारखा केला. "हिंदुराव, हिकडं ये. हे धर."

पदराखालून लोखंडी गुण्या निघाला. हिंदुराव बघतच राहिले. लहानपणी याच गुण्याशी खेळताना त्यांनी दादामियाँचा धपाटा खाल्ला होता.

"मांडीला एक हात, नडगीला एक. असा. त्यो डाक्टर म्हनतोय भूल देऊन वाकवू. तू मोज, म्हंजी तुला बायकोच्या शबुदावर इस्वास ठेवाया नको."

त्यांनी टाच मागं ओढायला सुरुवात केली. टॉवेल नव्हता, अनवाणी टाच फरशीवर अडत अडत सरकत होती. ओठ मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या. हिंदुराव गुडघ्यावर बसून गुण्या धरून होते आणि त्यांना आईच्या पायातली थरथर लोखंडातून हाताला लागत होती. "पुरे, आई," ते म्हणाले. मुक्ताबाईंनी ऐकलं नाही. "आई, पुरे की." टाच अजून नखभर मागं गेली आणि थांबली.

"किती ऱ्हायलं?"

हिंदुरावांनी फटीत बोटं घालून बघितली. "दोन बोटं."

"गुरुवारी चार हुती. दीपमालेला इचार. तीन दिसांत दोन. आन् माज्याजवळ अजून बारा दीस हायेत." त्यांनी पाय सैल सोडला आणि एक श्वास घेतला, मोठा, पण आवाज न करता. "दोन बोटं कमी हाय म्हनून मी हितनं जानार आसंन, तर सांग. घोंगडीवर ये आन् सांग."

हिंदुराव उठले नाहीत. गुण्या हातात धरून खालीच बसून राहिले. मग त्यांनी तो आईच्या बाजूला ठेवला, अलगद. "जिन्याला दुसऱ्या बाजूनं पण कठडा करून घेतो," ते म्हणाले. "उद्याच सांगतो माणसाला."

"पायऱ्यांच्या मधे आनखी एकेक पायरी घालता आली तर बग. दादामियाँ सहा इंच म्हनत हुता." पृथ्वीराजकडं वळून त्या म्हणाल्या, "आन् तू. मी वर चढस्तोवर टेबल टाक खोलीत. मी आले की टेबल तिकडच्या भिंतीला सरकव. खोली मोठी हाय. मला काय, तुज्या त्या मीटिंगा ऐकायला करमनूकच हुईल."

"आज्जी, तू मीटिंगमध्ये बोलशील."

"बोलंन की. आता मला खुर्चीवरनं बोलता येतंय."

पृथ्वीराज हसला, आणि मग दीपमालाही, हळूच, पदराआड. आनंदी मात्र तशीच उभी होती. मुक्ताबाईंनी तिच्याकडं बघितलं. लेक पन्नाशीला आली होती, पण रडू आवरताना खालचा ओठ अजून तसाच आत ओढायची.

"आनंदे, कपाटातनं उशी आन. आन् तो चौरंग."

"कशाला आता? नको म्हणालीस ना?"

"गुडघ्याखाली नको म्हनले. आन तर."

आनंदीनं उशी आणली, छातीशी धरून. चौरंग समोर ठेवला, त्यावर उशी. मुक्ताबाईंनी दोन्ही हातांनी पाय उचलला, टाच फेट्याच्या केशरी पट्टीवर ठेवली आणि मांडी सैल सोडली. गुडघा मोकळ्या हवेत राहिला. खाली आधाराला काहीच नाही. तो आपल्याच वजनानं, दुखत दुखत, खाली जाऊ लागला. मिसबानं हेच सांगितलं होतं. उशी तीच, फक्त हातभर पुढं.

"धा मिन्टं," मुक्ताबाई म्हणाल्या. "घड्याळ बग तू. आन् मी कितीबी तोंड वाकडं केलं तरी हात लावायचा न्हाई. जमंल?"

आनंदी चौरंगाशी फरशीवर बसली. मनगटावरचं घड्याळ तिनं समोर धरलं. दुसरा हात एकदा गुडघ्याकडं गेला, वाटेत थांबला, आणि तिनं तो आपल्याच मांडीखाली दाबून ठेवला.

दोन मिनिटं झाली. फाटकाबाहेर टँकर आला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. हिंदुराव उठायला लागले.

"थांबू दे त्याला," मुक्ताबाई म्हणाल्या. पायातली कळ पाठीपर्यंत आली होती आणि आवाजात तिचा मागमूस नव्हता. त्या घोंगडीवर किंचित उजवीकडं वळल्या. "तर जावईबापू, इहिरीचं काय म्हनत हुता तुमी?"